पंचशीलाची सुई

बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांनाच तहान होती, म्हणून पंचशीलाची तहान वेगळी आहे हे कळायला उशीर झाला.

पंचशीला माझ्या मामाची, केरबामामाची मुलगी. चाकूरजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर. तेव्हा तो सगळा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. गावच्या विहिरींनी दिवाळीलाच तळ दाखवला आणि संक्रांतीनंतर मामा आणि भामामामी पाझर तलावाच्या सरकारी कामावर जाऊ लागले. मामा दगड फोडायचा, मामी मातीच्या पाट्या उचलायची. शाळा नावापुरतीच भरत होती, त्यामुळे अकरा वर्षांची पंचशीलाही त्यांच्यामागे जायची.

कामावर पाण्याचे रांजण असायचे आणि पाणी वाढायला एक बाई. आमच्या समाजातल्या लोकांनी रांजणाला हात लावायचा नाही. ओंजळ धरायची, बाई वरून पाणी सोडायची. पंचशीला पाणी पिऊन जायची आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन ओंजळ धरायची.

"आत्ता तर पिऊन गेलीस की गं," ती बाई ओरडायची. "पोटात हीर खांदलीस का काय?"

रांगेतले लोक हसायचे. मामीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा पंचशीला खोदकामाच्या खड्ड्यात साचलेलं गढूळ पाणी पालथी पडून पिताना सापडली. मामीनं तिला तिथंच बडवलं. घरी तर आणखी वेगळीच तऱ्हा. एवढी मोठी पोरगी अंथरूण ओलं करू लागली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं बाभळीखाली बसली असंल, तिथलं काहीतरी धरलं. मामानं आम्हा सगळ्यांसारखं ते देव-भूत सोडलेलं होतं. तो म्हणायचा, "धरलं बिरलं काय न्हाई. उपाशी हाय लेकरू."

ते खोटं नव्हतं. पंचशीला दिवसेंदिवस वाळत चालली होती. कामावर सुकडी वाटायचे, भाजलेल्या पिठाची, गोड. पोरीच्या अंगावर मांस चढावं म्हणून मामी आपल्या वाट्याची सुकडीही तिला भरवायची. पुढं कितीतरी वर्षं मामी हे आठवून स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. "मी माझ्या हातानं वीख घातलं की वं पोरीला," म्हणायची. कुणी कितीही समजावलं तरी तिला ते पटायचं नाही.

एका दुपारी पंचशीला दगडांच्या ढिगाच्या सावलीत आडवी झाली ती उठेचना. धाप लागल्यासारखा श्वास चालला होता आणि तोंडाला पिकून गेलेल्या केळ्यासारखा वास येत होता. मामानं हातोडा टाकला, तिला खांद्यावर घेतलं आणि चाकूर गाठलं. तिथल्या डॉक्टरनं डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि म्हणाला, "इथं थांबू नका. मिळंल त्या गाडीनं नांदेडला न्या."

नांदेडला आम्ही होतो. माझी आई सरजाबाई ही केरबामामाची थोरली बहीण. माझे वडील कापडाच्या गिरणीत कामाला, आणि गिरणीपासून जवळच आमच्या दोन खोल्या. एस.टी.नं लोहा ओलांडेपर्यंत पंचशीलाची शुद्ध हरपली होती. मामा स्टँडवरून थेट सरकारी दवाखान्यात गेला आणि तिथून एका रिक्षावाल्याबरोबर आम्हाला निरोप धाडला. आई भाकरी तव्यावर तशीच सोडून निघाली. मी तिच्या मागे पळाले.

तिथं रेणुकादास नावाचे डॉक्टर होते. बारीक, चष्म्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी पंचशीलाची लघवी एका काचेच्या नळीत निळ्या पाण्यात घालून तापवली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि मग विटेसारखं लाल. ते आमच्याकडं वळून म्हणाले, "हिला मधुमेह आहे. साखरेचा आजार."

मामा म्हणाला, "साहेब, तुमची काहीतरी गफलत व्हायलीय. तो शेटलोकाचा रोग हाय. आमच्या घरात साखर येतीच कवा?"

"हा तसा नाही. लहान मुलांना होतो तो निराळा. शरीरात एक रस तयार व्हावा लागतो, तो हिच्या अंगात तयार होत नाही. तो बाहेरून द्यायचा. सुईनं."

"किती दिवस?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "रोज," ते म्हणाले. "आयुष्यभर."

आईनं विचारलं, "आन् न्हाई दिली तर?"

"मग ती वाचणार नाही, बाई. आज आणखी दोन तासांनी आणली असती तर मी तुमच्याशी बोलत बसलो नसतो."

तिसऱ्या दिवशी पंचशीलानं डोळे नीट उघडले आणि पहिली गोष्ट मागितली ती भाकरी. पाणी नाही मागितलं. आई तेवढ्यावरच रडली.

दवाखान्यातून सोडायच्या आधी डॉक्टरांनी मामाला आणि आईला समोर बसवलं. काचेची सिरिंज, तिची सुई, औषधाची बाटली. हे उकळायचं असं, भरायचं असं, हवेचा बुडबुडा काढायचा असा. सराव करायला एक मोसंबी दिली. खडी फोडून मामाच्या बोटांची पेरं सुजली होती. ती नाजूक काच त्यांना धरता येईना. मोसंबीतून रस गळून त्याच्या धोतरावर सांडला. आईनं दुसऱ्या खेपेलाच सुई बरोबर घातली. ती बाळंतिणींना शेक-मालीश करायला जायची, तिच्या हाताला अंगाची ओळख होती.

"पोरगी माझ्यापाशी राहूं दे केरबा," आई म्हणाली. "तिथं तुला पाण्याची बोंब. हे उकळायचं कशात, आन् औषध ठेवायचं कुठं?"

मामा म्हणाला, "तुझ्या घरात आधीच तोंडं कमी हायत का?"

"तोंडं मोजायला तुला बोलावलं न्हाई."

अशी पंचशीला आमच्याकडं आली.

तेव्हा फ्रिज फक्त मोठ्या घरांत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं आईनं एका मडक्यात ओली वाळू भरून औषधाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात पुरली. त्या उन्हाळ्यात नांदेडलाही नळाचं तोंड कोरडंच असायचं. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, अंघोळ एक दिवसाआड. पण त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी पडायचंच. माझा थोरला भाऊ नागसेन चेष्टेनं म्हणायचा, "या घरात पहिलं पाणी मडक्याला, मग माणसाला." पंचशीलाला मात्र त्याचं हसू यायचं नाही.

मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तिचा राग यायचा. सकाळी उठल्यापासून आई तिच्याच मागे. पातेल्यात सिरिंज खदखदतेय, सुई बोथट झाली की आई बारीक दगडावर घासून तिला धार लावतेय, मोरीच्या कोपऱ्यात नळी तापवून रंग बघतेय. "निळा हाय का गं?" हा आमच्या घरातला सकाळचा पहिला प्रश्न. निळा किंवा हिरवा असला की आईचा दिवस चांगला जायचा. लाल निघाला की पंचशीलाची चौकशी सुरू. काल काय खाल्लंस? शाळेत कुणी काय दिलं? कधी तिनं खरंच चोरून बोरं-चिंचा, गोळ्या खाल्लेल्या असायच्या. कधी काहीच खाल्लेलं नसायचं आणि तरी रंग लाल. तेव्हा ती चिडायची. "मी न्हाई खाल्लं म्हणून राहिले तर आत्या तुला खरंच वाटत न्हाई!" एकदा तिनं ती नळी भिंतीवर आपटून फोडली. आईनं काचा वेचल्या आणि दवाखान्यातून दुसरी मागून आणली.

भीमजयंतीला वस्तीत लाडू वाटायचे. पंचशीला मिरवणुकीत सगळ्यांत पुढं असायची, गाणी म्हणायची, आणि लाडवाचा द्रोण आला की माझ्या हातात द्यायची. पहिल्या वर्षी बायका आग्रह करायच्या, "घे की गं, एकानं काय हुतंय?" दुसऱ्या वर्षापासून त्याच बायका लाडवाचा द्रोण पुढं सरकवायच्या आधी कुजबुजायच्या, "तिला नको, ती आजारी हाय." ती म्हणायची, आग्रह बरा होता.

शाळेत ती माझ्या दोन वर्ग मागे होती. एकदा मधल्या सुट्टीच्या आधी तिच्या वर्गातली मुलगी मला बोलवायला आली. पंचशीला गणिताच्या तासाला उगाचच हसत होती, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देत होती. गोदावरीबाई नावाच्या शिक्षिका होत्या, कडक, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा. त्यांना वाटलं, मुलगी मस्करी करतेय. त्यांनी तिला व्हरांड्यात उभं केलं होतं. मी पोचले तेव्हा ती घामानं भिजली होती, हात थरथरत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती खाली कोसळली. तिच्या रुमालाच्या टोकाला आई गुळाचा खडा बांधून द्यायची. मी गाठ सोडायला लागले, पण ती घामानं घट्ट बसली होती.

"काय झालंय हिला?" गोदावरीबाई धावत आल्या.

"साखर उतरलीय बाई. सुई घेतली आन् खाल्लं न्हाई तर असं हुतं. गूळ द्यावा लागतो."

गोदावरीबाईंनी माझ्या हातातून रुमाल घेतला, दातांनी गाठ सोडली आणि गूळ स्वतःच्या बोटानं तिच्या गालाच्या आत चोळला. त्या देशपांड्यांच्या घरच्या. आमच्या रुमालाची गाठ त्यांनी दातांनी सोडली, हे तेवढ्या गडबडीतही मी पाहिलं. थोड्या वेळानं पंचशीला उठून बसली आणि तिनं विचारलं, "बाई, मी कुठलं गणित चुकले?"

बाईंनी पुढं त्यांच्या टेबलाच्या खणात साखरेची डबी ठेवली. आधी रागावल्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण पोरींनी हा रोग लागट आहे म्हणून पंचशीलाच्या बाकावर बसायचं सोडलं, तेव्हा त्यांनी वर्गातली सगळ्यात हुशार, वकिलाची मुलगी विनीता उचलून तिच्याशेजारी बसवली. विनीता आणि पंचशीला पुढं कॉलेजपर्यंत शेजारी शेजारीच बसल्या.

सुई स्वतः घ्यायला ती शिकली त्याचीही एक गोष्ट आहे. वडिलांकडल्या नात्यात कुणीतरी वारलं म्हणून आई-वडील पहाटेच गावाला गेले. जाताना आई मला म्हणाली, "तू रोज बघतीस, आज तू दे." मी सिरिंज उकळली, औषध भरलं, आणि पंचशीलाची मांडी समोर आली तसा माझा हात थांबला. एकदा टोचली तर वाकडी गेली, रक्त आलं. मी रडायला लागले. ती म्हणाली, "ताई, हिकडं दे." तिनं सुई हातात धरली, डोळे मिटले, उघडले, आणि घातली. तोंडातून आवाजही निघाला नाही. नंतर म्हणाली, "दुसऱ्यानं दिली की जास्ती दुखतं. आपण दिली तर कधी दुखणार ते आपल्याला माहीत असतं." तेव्हापासून तिनं आईला सुईला हात लावू दिला नाही. आई थोडी नाराजही झाली. म्हणाली, "आता माझी काय गरज हाय बाई तुला!"

दुष्काळ सरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आता गावी जायला लागली. भामामामीचा त्या सुईवर विश्वास नव्हता. सुई बंद झाली तर पोरगी बरी झाली, असं तिचं साधं गणित होतं. मुरुडच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. त्यानं मामीला सांगितलं, कारल्याच्या आणि जांभळाच्या बियांची माझी पूड पोरीला महिनाभर दे, साखर मुळापासून जाईल, पण सुई बंद केली तरच गुण येईल. मामी एवढ्या लांबून पुडी घेऊन आली.

"आजपासून ती सुई बंद," मामी म्हणाली.

पंचशीला तेव्हा चौदाची असेल. तिनं पाहिलं, मामीशी वाद घालून उपयोग नाही. ती पूड घ्यायची, मामीसमोर, तोंड वाकडं करून, सगळी. आणि त्याआधी गोठ्यामागं जाऊन सुईही घ्यायची. मामीला वाटत होतं औषध लागू पडलं. ती सगळ्या गावाला सांगत सुटली. मग गावातल्या एका म्हाताऱ्याला, त्यालाही साखर होती, त्याच्या घरच्यांनी डॉक्टरच्या गोळ्या बंद करून ती पूड सुरू केली. हे कानावर आलं तशी पंचशीला घाबरली. ती मामीला गोठ्यामागं घेऊन गेली आणि सिरिंज दाखवली.

"माय, मी रोज घेऊन राहिले हे. पूड नुसती तुझ्यासाठी खाल्ली. तू आज त्या आजोबाकडं जाऊन सांग."

मामीला फसवलं गेल्याचा राग आला, गावात तोंड दाखवायची लाज वाटली, आणि पूड काही कामाची नाही हे कळलं ते निराळंच. पण ती गेली. म्हाताऱ्याच्या दारात उभी राहून सगळं सांगून आली. त्या उन्हाळ्यात ती पंचशीलाशी धड बोलली नाही. नांदेडला यायच्या दिवशी मात्र तिनं लुगड्याच्या पदरात बांधलेलं फडकं काढलं. शिजवलेल्या शेंगा होत्या. "डाक्टर म्हणला हुता ना, ह्या चालत्यात," म्हणाली.

वर्षं गेली. पंचशीला बी.ए. झाली, टायपिंगच्या परीक्षा पास झाली. माझं लग्न होऊन मी नांदेडातच राहिले होते. नागसेन विष्णुपुरीला धरणाच्या कामावर भांडारपाल म्हणून लागला. आता आमच्याकडं मामाची मुलगी आत्याच्या मुलाला द्यायची रीत. पंचशीला जन्मली तेव्हाच आई म्हणाली होती, "ही माझी सून." पुढं आजार आला तेव्हापासून मात्र ते शब्द कुणी उच्चारले नव्हते. नागसेनच्या मनात काय होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही. तो तिच्याशी आधीपासूनच बहिणीशी भांडावं तसा भांडायचा.

केरबामामा एका रविवारी त्यासाठीच आला. चहा झाला, शेतीच्या गोष्टी झाल्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, तू एक शब्द दिला हुतास. मी त्यो मागायला आलो न्हाई. पण तुझ्या मनात काय हाय ते कळलं तर मला पुढं हिंडायला बरं."

आईनं पदर नीट केला. मग म्हणाली, "केरबा, नागसेन माझा एकच हाय. डाक्टर म्हणत्यात, लेकरू व्हायला हिला जोखीम हाय. मी पोरीला सांभाळलं. पण हे मला न्हाई जमायचं."

पंचशीला दाराशी उभी होती. माझ्या मनात आलं, ती आता आत निघून जाईल. ती बाहेर आली आणि मामासमोर बसली.

"बा, मला कुणी विचारलं का, मला करायचंय का?" ती म्हणाली. "आत्या खोटं बोलली न्हाई. उद्या दुसऱ्या घरात हेच बोलतील, फक्त पाठीमागं बोलतील. माझ्या लग्नाची गोष्ट आज ठेव बाजूला. लातूर जिल्हा झाला. नवीन कार्यालयं निघाली, जागा भरून राहिलेत. मी अर्ज केलाय."

मामाला लातूर जिल्हा झाल्याचं माहीत होतं. त्यांच्या गावात गुलाल उधळला होता त्या ऑगस्टात. पण त्याचा आपल्या घराशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं. "तुला घेतील?" त्यानं विचारलं.

"परीक्षा घेणार हायत. दिली तर कळंल."

आई त्या संध्याकाळी जेवली नाही. पंचशीलानं ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं आणि तिथंच बसून राहिली. काय बोलल्या दोघी ते मला माहीत नाही, पण आई जेवली.

लेखी परीक्षेत पंचशीला वरच्या नंबरात आली. मग डॉक्टरी तपासणी. मी तिच्याबरोबर लातूरला गेले. गावभर नव्या पाट्या लागलेल्या. जुन्या घरांवर, दुकानांच्या माडीवर, "जिल्हा" हा शब्द जिथं तिथं. तपासणीच्या ठिकाणी शिपायानं प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली दिली आणि मोरीकडं बोट दाखवलं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईला पंचशीलानं आपला आजार सांगितला असावा. ती हळूच म्हणाली, "अगं, बहीण आलीय ना सोबत? तिची भर. कोण बघतंय?"

मी बाटलीला हात घातला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढी शिकली, एवढी परीक्षा दिली.

पंचशीला बाटली घट्ट धरून उभी राहिली. "आज तुझी देईन ताई," ती म्हणाली, "पण उद्या कार्यालयात चक्कर येऊन पडले, तर साहेबाला काय सांगू? गूळ कुणाला मागू?" आणि ती मोरीत गेली.

तपासणारे डॉक्टर वयस्कर होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी तो लाल रंग पाहिला, कागद पुढं ओढला.

"कधीपासून आहे?"

"अकरा वर्षांची होते."

ते चमकले. "एवढी वर्षं सुई घेताय? हे बघा मुली, सरकारी नोकरी म्हणजे लांबचा पल्ला. तुमचे डोळे जातील, मूत्रपिंड जाईल. मी अनफिट लिहितोय. मनाला लावून घेऊ नका."

पंचशीला म्हणाली, "साहेब, गेल्यावर काढा ना मग. अजून तर गेले न्हाईत."

"असं नसतं ते."

"मग कसं असतं? मी टायपिंग करते, लिहिते, हिशोब करते. यातलं काय येत न्हाई मला या आजारानं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला लिहावंच लागेल," ते म्हणाले. "पण तुम्ही वरच्या बोर्डाकडं दाद मागू शकता. मागा. मात्र तोवर ही जागा थांबणार नाही, तेही सांगून ठेवतो."

बाहेर आल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच मी तिला आजारासाठी रडताना पाहिलं. पोटभर रडली. मग डबा उघडून जेवली, कारण जेवायची वेळ झाली होती.

जागा थांबली नाही. दुसऱ्या कुणालातरी मिळाली. रेणुकादास डॉक्टरांनी तिच्यासाठी दाखला लिहून दिला, बोर्ड औरंगाबादला बसायचं, तिथं तारखा पडायच्या आणि पुढं जायच्या. तोवर ती लातूरला एका टायपिंगच्या वर्गात शिकवत होती. खोली शोधतानाची कथा वेगळीच. आडनाव विचारून दोन ठिकाणी नाही म्हणाले, आणि तिसऱ्या ठिकाणी घरमालकिणीनं कचऱ्यात सुई पाहिली नि काय काय शंका घेतल्या. शेवटी आमच्याच समाजातल्या एका नर्सबाईंच्या घरात मागची खोली मिळाली. त्यांच्याकडं फ्रिज होता. मडक्याची कटकट गेली.

बोर्डानं तिचे डोळे तपासले, रक्त-लघवी तपासली, दोन दिवस ये-जा करायला लावली आणि फिट म्हणून लिहिलं. पुढच्या भरतीत तिला घेतलं. कार्यालय भाड्याच्या इमारतीत, खाली खताचं दुकान. वर बसणाऱ्या सगळ्यांच्या कपड्यांना युरियाचा वास. पहिल्याच दिवशी तिनं शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला, व्यंकटरावांना, सांगून टाकलं, "मी उगाच हसायला लागले किंवा उलटसुलट बोलायला लागले, तर मला साखर द्या." व्यंकटराव तिला नंतर कितीतरी दिवस चिडवायचे. ती खरंच विनोदाला हसली तरी ते साखरेची पुडी पुढं करायचे.

लग्नाची स्थळं यायची. पाहुणे आले की चहाच्या आधी ती सिरिंजचा डबा आणून ठेवायची. भामामामी कपाळाला हात लावायची. दोन स्थळं चहा न पिता गेली. ज्ञानोबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. त्यानं डबा उघडून नीट पाहिला, सिरिंजचा दट्ट्या मागंपुढं करून पाहिला आणि विचारलं, "वॉशर झिजल्यावर काय करता?"

"नवीन घेते."

"मला दाखवा एकदा. चामड्याचं बसवता येईल."

त्याच्या आईनं मात्र दोन महिने होकार दिला नाही. मग दिला. का दिला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पहिलं मूल पोटातच गेलं. त्या वेळी पंचशीला फार खचली. माझी आई नांदेडहून जाऊन तिच्यापाशी राहिली. नागसेनच्या वेळी जे बोलणं झालं होतं ते दोघींच्याही मनात असणार. आई तिचं अंग चोळायची आणि पंचशीला भिंतीकडं तोंड करून पडायची. दुसऱ्या खेपेला ती सहाव्या महिन्यापासून रजा टाकून नांदेडला आमच्याकडंच आली. रेणुकादास डॉक्टर तोपर्यंत निवृत्त झाले होते. त्यांनी आपल्या ओळखीच्या बाईंकडं तिला सोपवलं आणि स्वतः दर आठवड्याला चौकशी करत राहिले. सुया वाढल्या, खाणं मोजून-मापून. मुलगी झाली, चांगली दांडगी, दवाखान्यातल्या नर्सा म्हणाल्या ही तर सहा महिन्यांची वाटते. भामामामीनं नातीला मांडीवर घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "हिला न्हाई ना तसलं काही?"

"आज तरी न्हाई," पंचशीला म्हणाली. "झालं तर बघू."

नाही झालं. मुलगी आता पुण्याला नोकरी करते.

पंचशीला वयानं निवृत्त झाली, आजारानं नाही. एक डोळा अधू झालाय, लेझर करूनही फारसा सुधारला नाही. डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. आता पेनसारखी सुई निघालीय, उकळायची भानगड नाही, त्याचं तिला कौतुक आहे. कुणी तिला शूर वगैरे म्हणालं की ती वैतागते. मागच्या महिन्यात मी लातूरला गेले होते. सकाळी नळाला पाणी आलं होतं, लातूरला ते कधी येईल सांगता येत नाही, म्हणून ती आणि ज्ञानोबा दोघंही धावपळ करत पिंपं भरत होते. मी म्हटलं, "बस की जरा, दमशील." ती म्हणाली, "ताई, तू त्या निळ्या पिंपावरचं झाकण काढ आधी. गप्पा मग."